हेडलाइटचं पिवळेपण घरीच काढा, पण मे महिन्यात नको

बुटीबोरीहून रात्री परत येताना वर्धा रोडवरचा खड्डा मला चाक आत गेल्यावरच कळला. आधी बल्बवर संशय घेतला. ६०/५५ वॅटचा काढून १००/९० चा टाका, असं सांगणारे तर पावलोपावली भेटतात. सकाळी उजेडात बघितलं, तर बल्ब ठीक होता, त्याच्यापुढची काचच ताकासारखी झालेली. काच म्हणायची ती सवयीनं. हल्लीच्या गाड्यांना समोर पॉलिकार्बोनेट असतं, म्हणजे प्लास्टिकच. मोठा बल्ब टाकला असता तर त्या धुरकट प्लास्टिकमागे उष्णता तेवढी वाढली असती.

पॉलिकार्बोनेट उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं, म्हणून कंपनी त्यावर एक पातळ, कडक थर देते. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे नऊ दिवस तर विचारूच नका. दर उन्हाळ्यात हा थर थोडा थोडा मरतो आणि मग खालचं प्लास्टिक उघडं पडतं. माझी गाडी पश्चिमेकडे तोंड करून उभी असते आणि एका बाजूला कडुनिंब आहे. सावलीतला दिवा बरा राहिला, उन्हातला पिवळा झाला.

कामाला लागण्याआधी दिव्यावर तांब्याभर पाणी ओता. ओला असताना तो स्वच्छ दिसला आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाला, तर दोष बाहेरच्या बाजूला आहे, घासून जाईल. ओला असतानाही धुरकटच दिसला, आत पाण्याचे थेंब किंवा बारीक तडे दिसले, की घासून उपयोग नाही. मागचं चंदेरी रिफ्लेक्टर काळवंडलं असेल तरीही हा खटाटोप वाया जाईल.

टूथपेस्टचा प्रयोग मीही करून बसलोय. होळीला चोळलेला दिवा अक्षय्य तृतीयेपर्यंत होता तसा झाला. टूथपेस्ट बारीक घासते म्हणून चकाकी येते, पण उडालेला थर काही परत येत नाही. ओळखीच्या डेंटिंगवाल्या मिस्त्रीला दाखवलं तर तो म्हणाला, "भाऊ, घासलं त बरं केलं, पण वरून क्लिअर मारला का नाही?" सगळी गोम इथेच आहे. चकाकी आणणं सोपं असतं, ती टिकते वर फवारलेल्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअरवर.

ऑटो पेंटच्या दुकानातून ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर (ओले करून घासायचे पॉलिश पेपर), मास्किंग टेप आणि अतिनील किरणं अडवणारा, हेडलाइटला चालणारा क्लिअर कोटचा स्प्रे आणा. फर्निचरचं लॅकर स्वस्त पडतं म्हणून तेच घेऊ नका, ते उन्हात पापुद्रे सोडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबरचं कापड लागेल. थिनर आणि अॅसिटोन मात्र दूर ठेवा. त्यांनी पॉलिकार्बोनेटला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात.

गाडी सावलीत लावा, दिवे बंद आणि थंड असू द्या. शाम्पूनं धुवून दिव्याभोवती टेपचे दोन थर लावा. बॉनेटच्या कडेला जास्त जपा, पेपर घसरतो तो तिथेच. पेपर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका.

८०० नं सुरुवात करा आणि एकाच दिशेनं, आडवं घासा. पहिल्या पाच मिनिटांत जे पाणी ओघळेल ते हळदीच्या दुधासारखं पिवळसर असेल. तो जुना थर. पाणी निव्वळ पांढरं येईपर्यंत थांबू नका, नाहीतर जुन्या थराची बेटं मध्येच राहतात आणि शेवटी डाग म्हणून दिसतात. मग १००० नं उभं घासा, १५०० नं पुन्हा आडवं, २००० नं उभं. दिशा बदलली की आधीचे ओरखडे गेले की नाही ते डोळ्याला कळतं. प्रत्येक पेपरनंतर पुसून, वाळवून बघा. ओलं असताना सगळं छानच दिसतं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. एका दिव्याला पाऊण तास लागेल, बोटं दुखतील.

आता दिवा दुधी, निस्तेज दिसेल आणि इथे भलेभले घाबरून रबिंग कंपाऊंड काढतात. स्प्रे मारणार असाल तर कंपाऊंड नकोच. त्याचा तेलकटपणा राहिला की क्लिअरला खड्डे पडतात, आणि गुळगुळीत प्लास्टिकवर थर नीट धरतही नाही. २००० चे ओरखडे क्लिअरमध्ये आपोआप भरून निघतात. अल्कोहोलनं दोनदा पुसा, मग बोट लावू नका. उरलेली गाडी वर्तमानपत्रानं झाका, मास्क घाला, आणि हवा खेळती असेल अशा जागीच हे करा.

वीसेक सेंटीमीटरवरून पहिला हात अगदी विरळ, फवारल्यासारखा. डब्यावर लिहिलं असेल तेवढं थांबून दुसरा आणि तिसरा थोडा भरून. पहिल्या हातानंतर दिवा पारदर्शक होताना बघणं हा या कामातला एकमेव मजेचा क्षण.

मे महिना टाळायला सांगितलं ते याच टप्प्यासाठी. तापलेल्या हवेत फवारा दिव्यापर्यंत पोचता पोचताच वाळतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. पेंटर त्याला ऑरेंज पील म्हणतात. संत्रानगरीत राहून दिव्यावर संत्र्याची साल उमटवायची हौस असेल तर खुशाल दुपारी एकला करा. पावसाळ्यात उलटा त्रास, दमट हवेनं क्लिअर पांढुरका पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहाच्या सुमारास, वारा नसताना करा.

थर पूर्ण कडक होण्याआधी, बोटाला चिकटत नसताना, टेप मागे दुमडून हळूच ओढा. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर टेपसोबत क्लिअरची कडही सोलून येते. माझ्या डाव्या दिव्याच्या खालच्या कोपऱ्यात तशी नखाएवढी जागा आहे आणि पिवळेपणा आता तिथूनच पुन्हा सुरू झालाय.