पोट्टा खासदारकी लढतो म्हणते, सीट निघेल का हे कसं पाहायचं

दर लोकसभेला आपल्या नागपुरात एखादा तरी असा निघतेच. वय सत्तावीस-अठ्ठावीस, कॉलेजात दोन-चार आंदोलनं केलेली, इन्स्टावर बऱ्यापैकी फॉलोअर, आणि तर्री पोहे खाता खाता डायरेक्ट म्हणते, भाऊ मी यंदा खासदारकीचा फॉर्म टाकून राहिलो. मग मित्रमंडळीत दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते हवा आहे भाऊची, दुसरी म्हणते डिपॉझिट जाते बे. कागदावर आकडे मांडलेले मात्र कोणाकडेच नसतात. तुमचा असा कोणी मित्र, भाचा, चुलतभाऊ असेल आणि तो तुम्हाला "कसं वाटते?" विचारून राहिला असेल तर हे वाचा. मी बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसलेला माणूस आहे, भाषणापेक्षा बूथचा आकडा मला जास्त खरा वाटते.

सगळ्यात आधी त्याला एकट्यात विचारा की तुला नेमकं पाहिजे काय. जिंकायचं आहे, डिपॉझिट वाचवायचं आहे, की नाव करून पुढे महापालिका लढायची आहे? तिन्हीचं गणित वेगळं आहे आणि तिसरं काही वाईट नाही. फडणवीस आधी १९९२ ला नगरसेवक झाले, मग १९९७ ला सत्तावीसाव्या वर्षी महापौर, त्यानंतर आमदार, म्हणजे पायरी पायरीनंच गेले ना. पण जो जिंकायचं म्हणते आणि त्याला स्वतःच्या प्रभागात किती बूथ आहेत तेही माहीत नाही, त्याला तिथंच थांबवा.

मग नकाशा काढा. हे हसण्यावारी नेऊ नका, इथंच बहुतेक जण गडबडतात. नागपूर लोकसभेत शहरातल्या सहाच विधानसभा येतात, दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर. हिंगणा, कामठी, काटोल, सावनेर, उमरेड हे सगळं रामटेकमध्ये. आता पोट्ट्याची अर्धी गँग हिंगणा एमआयडीसीत कामाला आणि वाडीत राहायला, त्याच्या मोर्च्याला येणारे पोरं कामठीचे, मग गर्दी कितीही दिसली तरी त्यातलं एक मत त्याला पडणार नाही. वॉट्सअप ग्रुपमधल्या लोकांना सरळ विचारा, भाऊ तुझं नाव कोणत्या विधानसभेच्या यादीत आहे. ग्रुप पाचशेचा असला तर त्यातून किती उरतात ते पाहा, डोळे उघडतात.

आता आकडे. २०२४ ला इथं साधारण २२ लाख मतदार होते आणि ५४ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, म्हणजे बारा लाख मतं. गडकरींना ६ लाख ५५ हजार, काँग्रेसच्या विकास ठाकरेंना ५ लाख १७ हजार. दोघांनीच मिळून पावणेबारा लाखांच्या जवळ नेली, बाकी वीस-पंचवीस उमेदवारांना आणि नोटाला मिळून चाळीस हजारांच्या आसपासच उरली. डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त लागतात, म्हणजे दोन लाख. म्हणून "निदान डिपॉझिट तर वाचेल" असं कोणी सहज म्हटलं की मला हसू येते, दोन लाख मतं घेणारा माणूस या शहरात अनोळखी राहतच नाही.

एवढ्यावर थांबू नका, फॉर्म २० काढा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या वेबसाइटवर मिळते, त्यात एकेका बूथवर कोणाला किती मतं पडली ते लिहिलेलं असते. त्यातून आपल्या पोट्ट्याच्या घराजवळचे वीस-तीस बूथ घ्या आणि बघा की मागच्या वेळी छोट्या पक्षांना आणि अपक्षांना तिथं किती पडली. जरीपटका, इंदोरा, मोमिनपुरा, महाल, धरमपेठ, प्रत्येक ठिकाणचं मत वेगळ्या हिशोबानं पडते, एकच भाषण सगळीकडे चालत नाही. बूथमागं त्याला खरोखर किती मतं मिळतील हे प्रामाणिकपणे लिहा, नातेवाईक धरून, आणि मग शहरभराच्या दोन हजारांच्या आसपास बूथांनी गुणा. दहा मतं बूथमागं धरली तरी वीस हजार होतात. आणि दहा मतं प्रत्येक बूथवर मिळणं हे लय मोठं काम आहे.

तिकिटाचं काय? पार्टीचं तिकीट आणि अपक्ष यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारा) पुरते, अपक्षाला दहा लागतात, आणि ते याच मतदारसंघातले मतदार पाहिजेत (परत तेच, वाडीवाला मित्र चालत नाही). ईव्हीएमवर आधी मान्यताप्राप्त पक्षवाले, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले, आणि शेवटी अपक्ष. एका युनिटवर सोळाच बटणं, त्यात नोटाही आला, त्यामुळे उमेदवार जास्त झाले की अपक्ष सरळ दुसऱ्या मशीनवर जाते, म्हाताऱ्या मतदाराला ते शोधायला सांगून पाहा एकदा. चिन्हसुद्धा उशिरा मिळते. २०२४ ला माघारीची शेवटची तारीख ३० मार्च होती आणि १९ एप्रिलला मतदान, प्रचार दोन दिवस आधी बंद. म्हणजे चिन्ह हातात आल्यावर जेमतेम अठरा दिवस, आणि मतदार बावीस लाख.

तरी कोणी म्हणेल, भाऊ तरुण पोरं निवडून येतात ना. येतात. २०२४ ला समस्तीपूरहून शांभवी चौधरी, कौशांबीहून पुष्पेंद्र सरोज, मछलीशहरहून प्रिया सरोज, तिघंही पंचविशीचे. पण तिघांचेही वडील राजकारणातलेच, आणि तिकीट मोठ्या पक्षाचं. मला जास्त कामाची वाटते ती संजना जाटवची केस. आधी अलवर जिल्हा परिषद, मग २०२३ ला विधानसभा लढली आणि ४०९ मतांनी पडली, आणि सहा महिन्यांत काँग्रेसच्या तिकिटावर भरतपूरची खासदार, वय सव्वीस. पडली म्हणून घरी बसली नाही, आणि पडली तीही इतकी थोडक्यात की पक्षाला दिसलं पोरीत दम आहे. अपक्षाचं उदाहरण पाहिजे तर बाडमेरचा रवींद्रसिंह भाटी घ्या, सव्वीसाव्या वर्षी अपक्ष लढून साडेपाच लाखांच्या वर मतं घेतली, तरी पडला. आणि तोही काही हवेतून आला नव्हता, आधी जोधपूरच्या विद्यापीठात अपक्ष म्हणून विद्यार्थी संघाचा अध्यक्ष, मग अपक्ष आमदार, मग लोकसभा. आपल्याकडे नागपुरात १९६२ ला बापूजी अणे अपक्ष निवडून आले होते, पण ते तेव्हा ऐंशी पार, आणि मागं अख्खा विदर्भाचा प्रश्न उभा. तुमच्या पोट्ट्याच्या मागं कोणता प्रश्न उभा आहे हे त्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, "युवकांचा आवाज" हे उत्तर धरू नका.

कागदपत्रं पटकन सांगतो. छाननीच्या दिवशी वय २५ पूर्ण पाहिजे, नाव मतदार यादीत पाहिजे, डिपॉझिट २५ हजार (अनुसूचित जाती-जमातीला साडेबारा). प्रतिज्ञापत्रात एकही रकाना रिकामा ठेवू नका, रास्ता रोकोची जुनी केस असली तर तीही लिहा, केस लपवली की मोठी भानगड होते. राखीव जागा असेल तर जातीच्या प्रमाणपत्राचं आधी पक्कं करा. रामटेकमध्ये २०२४ ला रश्मी बर्वेंचा अर्ज जात प्रमाणपत्रावरून बाद झाला, पर्यायी म्हणून नवऱ्याचा फॉर्म भरून ठेवला होता, श्यामकुमार बर्वे लढले आणि निवडूनही आले. डमी फॉर्म म्हणजे काय चीज आहे ते तिथं कळते.

आता माझं आवडतं मोजमाप, बाकी सगळं विसरला तरी हे करा. पोट्ट्याला सांगा की मला तुझ्या पोलिंग एजंटांची यादी दे, नाव, नंबर आणि बूथ. लाइक, फॉलोअर, मोर्च्याचे फोटो काही नको, यादी दे. सकाळी मॉक पोलच्या (मतदानाआधी मशीन तपासायला घेतात ते नकली मतदान) आधी पोहोचून, एप्रिलच्या नागपुरी उन्हात संध्याकाळपर्यंत बसणारा, शेवटी १७सी चा कागद (त्या बूथवर एकूण किती मतं पडली त्याचा हिशोब) हातात घेऊनच उठणारा माणूस प्रत्येक बूथला पाहिजे. बाहेर दोनशे मीटरच्या पलीकडे चिठ्ठ्यांचं टेबल लावायला दोघं वेगळे. यादीत तीनशे पक्की नावं निघाली, फोन लावल्यावर "हाव, येतो" म्हणणारी, तर गडी सिरियस आहे, त्याला मदत करा. चाळीस निघाली तर त्याला प्रेमानं सांगा की लोकसभा नंतर पाहू, तुझा प्रभाग आधी धर.

लढायचंच ठरलं तर मध्येच एक फोन येईल, माघारीच्या आदल्या रात्री, बसतो का, म्हणजे माघार घेतो का म्हणून. उमेदवार बसवण्याचा हा धंदा जुना आहे. काय उत्तर द्यायचं ते फॉर्म भरायच्या आधीच ठरवून ठेवा, आणि ते घरच्यांनाही माहीत असू द्या, कारण फोन बापालाही जाते.

खर्चाची मर्यादा ९५ लाख, ती आपल्या पोट्ट्याला आड येणार नाही, आड येते तो हिशोब. फॉर्म भरायच्या आधी वेगळं बँक खातं उघडा, मंडपवाल्याचं, रिक्षावर भोंगा लावणाऱ्याचं, चहाचं बिल रोजच्या रोज रजिस्टरमध्ये टाका, आणि हे काम उमेदवाराकडे देऊ नका, एखाद्या चिकट स्वभावाच्या कॉमर्सवाल्या मित्राकडे द्या. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब जमा करावाच लागते, पडला तरी. पडल्यावर सगळे गायब होतात, पोट्टा फोन उचलत नाही, रजिस्टर कोणाच्या तरी डिक्कीत पडून राहते, आणि मग आयोगाची नोटीस येते. उत्तर पटलं नाही तर तीन वर्षं कोणतीच आमदारकी-खासदारकी लढता येत नाही. म्हणून त्या कॉमर्सवाल्याला आधीच सांगून ठेवा, मतमोजणी संपली तरी तुझी ड्युटी अजून महिनाभर आहे.