साठीनंतर परदेशात मुलांकडे जाताय? मग तिथली भाषा शिकायची का, आणि कशी

ठाण्याच्या कचराळी तलावावर सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमधलं कोणी ना कोणी सारखं मुलाकडे नाहीतर मुलीकडे परदेशात निघालेलं असतं, आणि मी स्टुटगार्टला लेकीकडे तीनदा जाऊन आलेय म्हणून प्रश्न मलाच, काय गं, या वयात ती भाषा शिकून काय करायचंय? तर एकदाच सगळं लिहून टाकते. माझा अनुभव जर्मनचा आहे, पण बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी राहणार किती ते बघा. नेहमीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा भेटीचा व्हिसा, तो 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. एकदाच जाऊन नातवाला बघून यायचं असेल तर क्लासच्या भानगडीत पडू नका, चाळीसेक शब्द पुरतात. आणि भेटीच्या व्हिसाला ए-वनची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीची, परीक्षा लागत नाही हो, ती साधारणपणे नवऱ्याकडे किंवा बायकोकडे कायमचं राहायला जाणाऱ्यांना लागते, आपल्याला लोक उगाच घाबरवतात. पण दर वर्षी जाणार असाल तर मात्र शिकाच. लेक-जावई ऑफिसला, नातू पाळणाघरात, आणि आपण त्या घरात एकटे, इतकं शांत की फ्रिजचा आवाज ऐकू येतो. ‘मुलगी आहे ना बोलायला’ हे फक्त रविवारी खरं असतं.

क्लास लावायचा तर मुंबईत काळा घोड्याला जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे, पण ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटी आणि पुढे चालत, ते गुडघ्यांना विचारून ठरवा, ऑनलाइनही शिकता येतं. मी मात्र आकडे ठाणे स्टेशनवर पाठ केले. इंडिकेटरवर 8:24 दिसलं की मनात म्हणायचं आख्ट ऊअर फियर-उंट-त्स्वान्त्सिश. आणि इथे एक गंमत कळली. जर्मनमध्ये चोवीस म्हणजे ‘चार आणि वीस’, आधी एकक मग दशक. इंग्रजीतून शिकणाऱ्यांचा यात गोंधळ होतो, आपण तर जन्मभर एकवीस, बावीस, चोवीस असंच म्हणत आलोय! (एकोणतीस मात्र त्यांच्याकडे नाही, तिथे सरळ नऊ आणि वीस.) शिवाय तो-ती-ते आपल्याकडे आहेच, त्यामुळे डेर-डी-डास बघून घाबरू नका, फक्त कुठल्या शब्दाला काय ते पाठ करावं लागतं, आपलं लिंग तिथे चालत नाही.

वही करा आणि उच्चार देवनागरीतच लिहा, इंग्रजी स्पेलिंग बघून वाचलं की हमखास चुकतं. त्यांचा झेड म्हणजे आपल्या ‘चमचा’मधला च, आणि शब्दाच्या सुरुवातीला एसपुढे स्वर आला की ‘माझा’मधला झ. ‘मी’ला इश् म्हणतात, आपल्या ‘इश्श’मधला श अगदी हलका करायचा. यूवर दोन टिंबं असली तर ओठ ऊसारखे करून ई म्हणा. आरशासमोर करा, नवऱ्यासमोर नको.

वेळ सांगायची पद्धत मात्र नीट समजून घ्या, माझा तिथे पोपट झाला. दाताच्या डॉक्टरची टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट होती, फोनवर ‘हाल्ब फियर’ सांगितलं, मी ऐकलं हाफ फोर आणि साडेचारला हजर. हाल्ब फियर म्हणजे साडेतीन! चार व्हायला अर्धा तास बाकी, असा हिशोब. आपण पावणेचार म्हणताना नजर चारवरच असते ना, तसंच. तिकडची जुनी माणसं तर सव्वातीनला ‘फिअर्टल फियर’ आणि पावणेचारला ‘ड्राय-फिअर्टल फियर’ म्हणतात. फोनवर टाळाच, समोर जाऊन कागदावर आकड्यात लिहून घ्या, आपले कानही आता पूर्वीचे राहिले नाहीत.

औषधांचे शब्द सगळ्यात आधी शिका. आपण ‘मला शुगर आहे’ म्हणतो तसंच तिथले लोकही बोलताना ‘इश् हाबं त्सुकर’ म्हणतात. जेवणाआधी फोर डेम एसन, जेवणानंतर नाख डेम एसन. डोस 1-0-1 असा आपल्यासारखाच लिहितात. आपल्या गोळीचं ब्रँडनाव तिथे कोणाला कळेलच असं नाही, आतल्या औषधाचं नाव लिहून न्या, मेटफॉर्मिन वगैरे. इमर्जन्सीला 112, आणि रात्री ताप आला, जिवावरचं काही नाही, पण डॉक्टर हवाय, तर 116117. हे नंबर आणि घरचा पत्ता चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

डब्यांवरची लेबलं, पत्रं यासाठी गुगल ट्रान्सलेटचा कॅमेरा आहे, त्याच्यासाठी डोकं शिणवू नका. माणसांशी मात्र तोंडानेच बोला. ‘इश् श्प्रेशं नूअर आइन बिसशन डॉइच’, मी थोडंसंच बोलते, आणि ‘बिटं लांगझाम’, जरा हळू. एवढं म्हटलं की समोरचा खरंच हळू बोलतो, निदान पहिली दोन वाक्यं.

माझी खरी शिकवणी जिन्यात झाली. त्या भागात केअरवोखं म्हणून प्रकार आहे, आठवड्याची पाळी, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी येते आणि त्याने जिना झाडायचा-पुसायचा. लेकीच्या दारावर पाटी आली की झाडू मी घ्यायची, आणि समोरच्या 81 वर्षांच्या आजी बाहेर येऊन कोपरा दाखवायच्या, हिअर नोख, इथे अजून. हे झाडू, हे फडकं, ही पायरी, सगळी नामं मी अशी शिकले, लिंगासकट. तिथे अनोळखी माणसाला ‘झी’ म्हणायचं, आपलं अहो-जाहो, आणि ‘डू’ म्हणजे अरे-तुरे, ते मोठ्या माणसाने आधी सुचवायचं असतं. तिसऱ्या खेपेला आजींनी जिन्यातच हात पुढे केला आणि म्हणाल्या आता आपण डू. मी हो म्हटलं, पण पंधरा वर्षांनी मोठ्या बाईला अगं-तुगं कसं करायचं, अजून झीच निघतं तोंडातून आणि त्या दर वेळी बोट दाखवून दटावतात.