आजारावरच्या रिसर्चला निधी हवा म्हणून खासदारांकडे जाताय? मग या चुका टाळा

सिकलसेल असो, एखादा दुर्मिळ आजार असो नाहीतर लहान मुलांचा कॅन्सर, पेशंट आणि पालकांचे ग्रुप आता बऱ्यापैकी जागे झालेत आणि "सरकारने यावर रिसर्चला पैसे द्यावेत" म्हणून निवेदनं घेऊन खासदारांच्या ऑफिसात जायला लागलेत, हे चांगलंच आहे. फक्त होतं काय की मागणी एकदम रास्त असते पण ती भलत्याच खात्याकडे, भलत्याच महिन्यात जाते, साहेब फोटो काढतात, पीए पोच देतो आणि विषय तिथंच संपतो.

"साहेब, बजेट वाढवून द्या"

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्या घटनेच्या कलम ११३ नुसार लोकसभेला एखाद्या खात्याच्या खर्चाची मागणी मंजूर करता येते, नाकारता येते किंवा कमी करता येते, वाढवता येत नाही. म्हणजे तुमच्या खासदाराने कितीही मनावर घेतलं तरी तो सभागृहात उभा राहून आयसीएमआरला, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला, शंभर कोटी जास्तीचे मिळवून देऊ शकत नाही. अमेरिकेत वेगळं आहे, तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, स्वतः रकमा वाढवते, म्हणून तिथल्या संघटनांचे व्हिडिओ बघून इथं तेच करायला जाऊ नका. एक गोष्ट मात्र जरूर उचला. १९९२ साली तिथल्या ब्रेस्ट कॅन्सर पेशंट बायकांच्या संघटनेने आधी शास्त्रज्ञांनाच बोलावून विचारलं की नेमके किती पैसे सत्कारणी लागतील, मग ३० कोटी डॉलर जादा मागितले आणि त्यातले २१ कोटी मिळाले, ते पण चक्क संरक्षण खात्याच्या बजेटातून! आपल्याकडे किती ग्रुप निवेदन लिहायच्या आधी एखाद्या संशोधकाला फोन करतात?

मग आपला खासदार काय करू शकतो, तर बरंच काही. मंत्र्यांना पत्र, लेखी प्रश्न, शून्य प्रहर, लोकसभेत नियम ३७७ खाली (म्हणजे एरवी कामकाजात नसलेला विषय मांडायची सोय) मुद्दा, आणि सगळ्यात कामाची पण कुणाच्या लक्षात न येणारी जागा म्हणजे आरोग्याची संसदीय स्थायी समिती. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ जण त्यात असतात आणि बजेट आल्यावर आरोग्य खात्याच्या मागण्या हीच समिती तपासते, अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते की मागच्या वर्षीचे पैसे का उरले. सदस्यांची यादी संसदेच्या साइटवर असते. तुमचा खासदार त्यात नसेल तर महाराष्ट्रातला दुसरा कुणी आहे का बघा, आणि राज्यसभेवाल्यांना विसरू नका, महाराष्ट्राचे १९ आहेत आणि गोव्याचा १, त्यांच्या दारात गर्दी पण कमी असते.

भलतं खातं

आरोग्य मंत्रालयात दोन विभाग आहेत. हॉस्पिटलं, योजना वगैरे एकीकडे, आणि आरोग्य संशोधन विभाग वेगळा, आयसीएमआरचा पैसा या दुसऱ्यातून येतो. २०२५-२६ च्या बजेटात पूर्ण मंत्रालयाला जवळपास १ लाख कोटी होते, त्यात संशोधन विभागाचे सुमारे ३९०० कोटी. म्हणजे नुसतं "आरोग्याचं बजेट वाढवा" असं लिहिलंत तर त्यातलं रिसर्चकडे काही जाईलच असं नाही. बरं सगळं संशोधन आरोग्य मंत्रालयात तरी कुठंय? परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं त्यांचंच कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक अणुऊर्जा विभागाखाली येतात, पुण्याचं पेशींवर संशोधन करणारं एनसीसीएस जैवतंत्रज्ञान विभागाखाली, पुण्याचीच विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही मात्र आयसीएमआरची, आणि हाफकिन राज्य सरकारचं, तिथं खासदार नाही तर आमदार गाठावा लागतो. टाटाच्या संशोधनाबद्दलचं पत्र आरोग्यमंत्र्यांना पाठवलं तर ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं.

खासदार निधी मागायला जाणारे पण असतात. तो वर्षाला ५ कोटी असतो आणि मतदारसंघातल्या टिकाऊ सार्वजनिक कामांसाठी असतो, त्यातून कुणाची क्लिनिकल ट्रायल (पेशंटवर औषधाची चाचणी) चालवता येत नाही, त्यामुळे तो विषयच काढू नका, नाहीतर दोन लाखाच्या आश्वासनावर बोळवण होते.

जानेवारीत जाग येणं

बजेट १ फेब्रुवारीला येतं म्हणून सगळे जानेवारीत पळापळ करतात. तोवर पोळ्या लाटून झालेल्या असतात हो, फक्त वाढायच्या राहिलेल्या. पुढच्या बजेटसाठी खात्यांकडून आकडे मागवणारं अर्थ खात्याचं परिपत्रक साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रत्येक खात्याबरोबर बैठका होतात, रकमा तिथं ठरतात. म्हणजे खासदाराचं मंत्र्यांना पत्र जायला हवं पावसाळ्यात. ती वेळ हुकली तर गप्प बसायचं असं पण नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये स्थायी समितीकडे लेखी म्हणणं द्या, त्याचा उपयोग पुढच्या वर्षी होतो.

उपचाराचे पैसे आणि रिसर्चचे पैसे एकाच पिशवीत

ही चूक समजण्यासारखी आहे, घरात पेशंट असल्यावर कोण असा फरक करत बसणार. पण सरकार करतं. दुर्मिळ आजारांच्या धोरणात पेशंटला ठरलेल्या केंद्रात, आपल्याकडे मुंबईचं केईएम, ५० लाखांपर्यंत मदत मिळते, ती उपचाराची. सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन २०२३ मध्ये सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे टार्गेट. आता गडचिरोली किंवा नंदुरबारचा कुणी कार्यकर्ता खासदारांकरवी "सिकलसेलसाठी सरकार काय करतंय" असा प्रश्न टाकेल तर मंत्रालय तपासणीचे आकडे देऊन मोकळं होणार, कारण विचारलंच तसं. त्याऐवजी विचारा की गेल्या तीन वर्षांत आयसीएमआरने सिकलसेलच्या किती प्रोजेक्टना किती रक्कम मंजूर केली, त्यातली किती दिली, आणि महाराष्ट्रातल्या कोणत्या संस्थांना. अशा प्रश्नातून सुटायला जागा कमी राहते.

निवेदनातल्या बारीकसारीक चुका

चौदा पानं नको, एक पान. एका पानात एकच मागणी, आकड्यासकट, कुणाकडे ती पण लिहायची. मतदारसंघातले पेशंट किती, जवळचं कोणतं मेडिकल कॉलेज यावर काम करू शकतं हे टाका, खासदाराला दिल्लीपेक्षा आपला जिल्हा आधी दिसतो आणि त्यात गैर काही नाही. "दोन वर्षांत औषध निघेल" असली वाक्यं चुकूनही नको, समोर कुणी डॉक्टर बसलेला असला तर तिथंच विश्वास उडतो. पेशंटची गोष्ट सांगा, पण लहान मुलाचा फोटो आणि रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून नव्हे, आईने समोर बसून दोन मिनिटं बोललेलं पुरतं. आणि फक्त एकाच पक्षाच्या लोकांना भेटणं, दुसऱ्यांना फेसबुकवर शिव्या देणं, हे तर एकदम बंद!

प्रश्न विचारून झाला, पुढे काय

प्रश्नाची नोटीस साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि लॉटरीत नंबर लागावा लागतो, त्यामुळे एकाच खासदारावर विसंबू नका, तिघा-चौघांना तोच मसुदा वेगवेगळ्या शब्दांत द्या. उत्तर संसदेच्या साइटवर येतं. ते बहुतेक वेळा गुळमुळीत असतं, "आयसीएमआर वेळोवेळी प्रस्ताव मागवते" वगैरे. चिडू नका, त्यात कोणता आकडा दिला नाही ते शोधा आणि पुढच्या अधिवेशनात फक्त तेवढंच विचारायला लावा. मंजूर रक्कम आणि खरंच खर्च झालेली रक्कम यात फरक दिसला तर तो कागद स्थायी समितीच्या सदस्याला द्या, त्यांना तेच हवं असतं. आणि उत्तरात "विचाराधीन आहे" किंवा "माहिती गोळा करतोय" असं काही असेल तर ते सरकारी आश्वासन धरलं जाऊ शकतं, त्यासाठी दोन्ही सभागृहांच्या वेगळ्या समित्या आहेत आणि पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते, म्हणून उत्तराची तारीख ग्रुपमध्ये पिन करून ठेवा आणि मुदत उलटली की त्याच खासदाराला समितीकडे पत्र द्यायला सांगा.