पहिलं इंटर्नल ऑडिट: एका बिलाच्या मागे जा

इंटर्नल ऑडिट शिकायला आलेली मुलं पहिल्याच दिवशी माझ्याकडे चेकलिस्ट मागतात. मी त्यांच्या हातात एक बिल ठेवते. या बिलातला माल हवा असं आधी कोणाला वाटलं, तिथपासून बँकेतून पैसे गेले तिथपर्यंत त्याच्या मागे जायचं. मागणीपत्र, पर्चेस ऑर्डर, गेटवरची नोंद, जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची पावती), बिल, पेमेंट. प्रत्येक टप्प्यावर कागद कोणी केला, कशावरून केला आणि सही करणाऱ्याने सहीआधी नेमकं काय पाहिलं, एवढं टिपून आणायचं. याला वॉकथ्रू म्हणतात. यात दोन दिवस मोडले तरी मोडू द्या. कंपनी चालते कशी हे त्या दोन दिवसांत जेवढं कळतं तेवढं महिनाभर फायली चाळून कळत नाही.

जाण्याआधी लेखी कार्यपद्धत वाचा. पण समोरच्याला "तुम्ही असंच करता ना?" असं विचारू नका, उत्तर "हो"च येणार. "कालचं शेवटचं जीआरएन कसं केलंत, जरा दाखवता का?" असं विचारा आणि मग गप्प राहा. हात काय करतात ते बघा.

एका स्टोअरमध्ये मी सहा महिन्यांची जीआरएन पाहत होते. वजनावर येणारा कच्चा माल, आणि प्रत्येक जीआरएनचं वजन पुरवठादाराने मालासोबत पाठवलेल्या चलनाशी किलोपर्यंत तंतोतंत जुळलेलं. एकदाही कमी नाही, एकदाही जास्त नाही. खऱ्या काट्यावर असं होत नाही. स्टोअरकीपरना म्हटलं, आता गाडी येईल तेव्हा मी इथेच थांबते. गाडी आली, माल उतरला, त्यांनी स्क्रीन उघडली. 'मिळालेलं वजन' या रकान्यात चलनातला आकडा आधीच आपोआप येऊन बसला होता. त्यांनी एंटर दाबलं. वजनकाटा रॅकच्या मागे होता, पॅलेटला जागा हवी म्हणून सरकवलेला. तो पुढे आणायला दोन माणसं लागत, आणि बाहेर ड्रायव्हर घाई करत असे.

त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना तिथेच सांगितलं की अहवालात तुमचं नाव येणार नाही, आणि ते आलं नाही. नाव घातलं असतं तर पुढच्या वेळी त्या स्टोअरमध्ये मला कोणी काही दाखवलं नसतं. शिवाय त्यांच्या जागी दुसरा माणूस बसवला असता तरी त्यानेही एंटरच दाबलं असतं.

आता हा मुद्दा लिहायचा कसा? निकष: माल वजन करूनच घ्यावा. स्थिती: तपासलेल्या सर्व जीआरएनमध्ये चलनाचंच वजन नोंदलेलं, प्रत्यक्ष पाहिलेल्या वेळी वजन झालं नाही. कारण: आधीच भरून येणारा रकाना आणि हाताशी नसलेला काटा. परिणाम: न मिळालेल्या मालाचे पैसे दिले जाऊ शकतात आणि साठ्याचा आकडा भरवशाचा राहत नाही. शिफारस: रकाना कोरा ठेवा, काटा माल उतरवण्याच्या जागी आणा. नवशिके कारणाच्या जागी "निष्काळजीपणा" लिहितात. मी तो शब्द खोडते. "का?" विचारत राहा, व्यवस्थापनाला बदलता येईल अशी एखादी गोष्ट हाती लागेपर्यंत.

सॅम्पल स्वतः निवडा. समोरून काढून दिलेल्या फायलींवर विसंबू नका. महिनाअखेरच्या, सुट्टीच्या दिवशी केलेल्या आणि मंजुरीच्या मर्यादेच्या जेमतेम खाली असलेल्या नोंदी आधी घ्या.

स्वतः केलेल्या कामाचं ऑडिट स्वतः करू नका. इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्सची नवी जागतिक मानकं ९ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत; ज्या कामाची जबाबदारी गेल्या १२ महिन्यांत तुमच्याकडे होती, त्याबद्दल तुम्ही ग्वाही देऊ नये असं त्यांत आहे. ती मानकं वाचा. गुणवत्ता विभागातून येत असाल तर आयएसओ १९०११ हे व्यवस्थापन प्रणालींच्या ऑडिटचं मार्गदर्शक मानक वाचा. सीआयएची, म्हणजे सर्टिफाइड इंटर्नल ऑडिटरची, परीक्षा तीन भागांची आहे. वर्षभर प्रत्यक्ष काम करून मग तिला बसलात तर प्रश्न ओळखीचे वाटतील.

मुद्दा बंद करताना मात्र घाई नको. त्या स्टोअरमधून आठवड्यातच जागेवर आणलेल्या काट्याचा फोटो मला आला. फोटोवर मी मुद्दा बंद केला नाही. तीन महिन्यांनी जाऊन जीआरएन काढली. कुठे चार किलो कमी, कुठे दोन किलो जास्त, आणि एका पुरवठादाराची प्रत्येक गाडी कमीच. कमी आलेल्या मालाचे पैसे कापण्यासाठी त्याच्या नावे डेबिट नोट निघाल्या होत्या. मग मी सही केली.