हायड्रोपोनिक्सची रोपं: पाणी देताना आणि लावताना या चुका टाळा

हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीऐवजी खत विरघळवलेल्या पाण्यावर (पोषणद्रावणावर) रोपं वाढवताना, बी छान उगवतं, दोन हिरवी बीजदलं उघडतात आणि आठवडाभरात अर्धा ट्रे आडवा होतो. पाणी कमी पडलं असेल असं वाटून माणूस उरलेल्या रोपांना आणखी पाणी घालतो, आणि दुसऱ्या दिवशी तीही जातात. मेलेलं रोप उपटून त्याची मुळी नीट पाहिली तर बहुतेक वेळा दिसतं ते असं, की रोप तहानेनं नाही, गुदमरून गेलंय.

मुळीलाही श्वास लागतो. पाणी आणि क्षार ओढून घ्यायला जी ऊर्जा लागते ती ऑक्सिजनशिवाय तयार होत नाही. एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. शिवाय साचलेल्या पाण्यातून तो मुळीपर्यंत फार सावकाश पोचतो. खालच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी हाच हिशोब आहे, त्यामुळे काही बिघडलं की आधी विचारायचं: या मुळीला हवा कुठून मिळतेय?

स्पंज कायम चिंब ठेवणं

बी रुजेपर्यंत ओलावा सतत हवा, हे खरं. रुजल्यावर मात्र नियम बदलतो आणि तो बदल बरेच जण करत नाहीत. ट्रेमध्ये पाणी साचलेलं, त्यात बी पेरलेले स्पंजचे तुकडे अर्धेअधिक बुडालेले, वर झाकण. अशा स्पंजमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि कोवळी मुळी खाली उतरायचं सोडून वरच घुटमळते.

अंकुर वर आले की ट्रेमधलं साचलेलं पाणी काढून टाका. त्यानंतर पाणी खालून द्यायचं: ट्रेमध्ये थोडं पाणी ओता, दहा मिनिटं स्पंजला पिऊ द्या, उरलेलं ओतून टाका. पुन्हा कधी द्यायचं हे घड्याळावर ठरवू नका. ट्रे उचलून बघा. भरलेल्या ट्रेचं वजन एकदा हाताला कळलं की हलका झालेला ट्रे लगेच ओळखू येतो. वरचा पृष्ठभाग किंचित कोरडा आणि आतून ओल, ही चांगली अवस्था. पार कोरडा पडू देऊ नका; कोवळ्या मुळीवरचे बारीक केस एकदा सुकले की परत येत नाहीत.

स्पंजऐवजी रॉकवूल (दगड वितळवून काढलेल्या तंतूंचे ठोकळे) असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या. ते मुळात अल्कधर्मी असतं, म्हणून पेरणीआधी साडेपाच पीएचच्या पाण्यात अर्धा तास भिजवायचं, पण पाण्याचा पीएच पाचाच्या खाली नेऊ नका, तंतू खराब होतात. दुसरं, जास्तीचं पाणी काढायला ते पिळायचं नाही. पिळलं की आतल्या हवेच्या जागा दबतात आणि ते पूर्वीसारखं फुलत नाही. झटकून घ्या, पुरेल. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मात्र खुशाल पिळा. मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब पडावा इतकीच ओल ठेवा. आधी दोनतीनदा धुऊन घ्या, कारण त्यात मूळचे क्षार असू शकतात.

वरून फवारा, वरून झाकण

फवाऱ्याची बाटली हातात असली की मोह आवरत नाही. बी उगवेपर्यंत ठीक. नंतर मात्र देठाचा तळ सतत ओला राहतो आणि रोपं कोलमडण्याचा रोग नेमका तिथेच सुरू होतो. देठ तळाशी पाणीदार, चिमटा काढल्यासारखा बारीक होतो आणि वरचं रोप हिरवं असतानाच लवंडतं. यामागे पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे रोगकारक असतात. पिथियमचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात, म्हणून सगळ्या रोपांना जोडणारं साचलेलं पाणी म्हणजे त्यांच्यासाठी मोकळा रस्ता.

कोलमडलेलं रोप वाचत नाही. त्याला काडीचा आधार देण्यात वेळ घालवू नका. स्पंजसकट काढून टाका, ट्रेमधलं पाणी बदला, झाकण काढा आणि हवा खेळती ठेवा. लहान पंखा लांबून मंद लावला तर पृष्ठभाग सुकतो आणि देठही कणखर होतात. झाकण एरवीही निम्म्याहून जास्त बिया उगवल्या की काढायला घ्यायचं. एकदम नको, दोनतीन दिवसांत थोडं थोडं.

इथे एक खोटी भीतीही सांगून ठेवतो. नुकत्याच फुटलेल्या मुळीभोवती पांढरी लव दिसली की बुरशी समजून लोक बी फेकून देतात. बहुतेकदा ते मुळीचे केस असतात. मुळीपुरतेच, सगळीकडे सारखे आणि पाण्याचा हलका फवारा मारला की चिकटून दिसेनासे होणारे. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी बियांवरून आणि स्पंजवरून वाटेल तशी पसरते.

रोपं उंच, बारीक, वाकडी होत असतील तर तो पाण्याचा दोष नाही. प्रकाश कमी पडतोय. अंकुर दिसल्या दिवसापासून १४ ते १६ तास प्रकाश द्या, दिवा जवळ आणा, पाण्याशी खेळू नका.

पोषणद्रावण फार लवकर किंवा फार उशिरा

बीमध्ये सुरुवातीची शिदोरी असते. बीजदलं उघडेपर्यंत साधं पाणी पुरतं. काही जण पहिल्या दिवसापासून मोठ्या झाडाचं द्रावण देतात. त्या क्षारांच्या पाण्यात बी उशिरा उगवतं आणि उगवलं तरी पानांच्या कडा करपतात. याच्या उलट काही जण घाबरून दोनतीन आठवडे साधंच पाणी देत राहतात. मग बीजदलं पिवळी पडतात, पहिलं खरं पान येऊन तिथेच थांबतं. दुसरी चूक जास्त पाहायला मिळते, पण तिच्याबद्दल बोलतं कोणी नाही.

पहिलं खरं पान डोकावलं की सुरुवात करा. ईसी (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते सांगणारा आकडा, mS/cm मध्ये) ०.५ ते ०.८, पीएच साडेपाच ते साडेसहा. ईसी मोजताना तुमच्या नळाच्या पाण्याचा आकडा त्यात धरलेला असतो हे लक्षात ठेवा. पाण्याचाच ईसी ०.४ असेल तर खतासाठी फारशी जागा उरत नाही. मीटर पीपीएममध्ये दाखवत असेल तर तो कोणत्या मापावर चालतो ते बघा. ईसी १ म्हणजे काही मीटरवर ५०० पीपीएम, काहींवर ७००. दोघांचे आकडे जुळत नाहीत म्हणून होणारे अर्धे वाद इथेच मिटतात. आरओचं पाणी वापरत असाल तर त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळपास नसतं, ते खतातून द्यावं लागतं.

क्लोरीनचं पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते असं उडत नाही, त्याला कार्बन फिल्टर लागतो.

स्पंजवर पांढरा थर आला असेल तर समजा, पाणी उडतंय आणि क्षार मागे उरताहेत. मीटर द्रावणाचा ईसी ०.७ दाखवत असला तरी सुकत आलेल्या स्पंजच्या आत तो त्याहून बराच जास्त असू शकतो. अशा वेळी एकदा साधं पाणी वरून सोडून निथळू द्या. हिरवा थर असेल तर ते शेवाळ. ते स्वतः रोपाला मारत नाही, पण पृष्ठभाग फार ओला आहे आणि त्यावर प्रकाश पडतोय याची ती खूण आहे. शिवाय त्यावर बारीक माश्या जमतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळी खातात.

लावणीची वेळ कॅलेंडरवर ठरवणं

‘पंधराव्या दिवशी लावा’ असे सल्ले सर्रास मिळतात. दिवस मोजण्यापेक्षा स्पंज उचलून खाली बघा. तळातून पांढऱ्या मुळ्या बाहेर आल्यात आणि वर दोनतीन खरी पानं आहेत, की रोप तयार. मुळ्या बाहेर नसताना लावलं तर रोप खालच्या द्रावणापर्यंत पोचतच नाही आणि स्पंजमधली ओल संपली की मान टाकतं.

उशीर झाला तर वेगळाच त्रास. शेजारच्या रोपांच्या मुळ्या एकमेकींत गुंततात आणि सोडवताना तुटतात. लेट्यूस हे सोसतं, काकडीवर्गीय रोपं अजिबात सोसत नाहीत. त्यांना पहिल्यापासून वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. मातीत वाढवलेलं रोप धुऊन नेट पॉटमध्ये (जाळीदार कुंडीत) लावण्याचा खटाटोप शक्यतो करू नये असं माझं मत आहे. कितीही हळुवार धुतलं तरी मुळीचे केस मातीबरोबर जातात, आणि उरलेली माती टाकीत रोग घेऊन येते.

रोप उचलताना स्पंजला धरा, नाहीतर पानाला. देठाला कधीच नाही. एखादं पान फाटलं तर नवं येतं, चेपलेला देठ भरून येत नाही. क्ले बॉल (भाजलेल्या मातीचे हलके गोळे) आधी स्वच्छ धुवा, रोपाभोवती सैल सोडा, बोटाने दाबून बसवू नका. लेट्यूसचा गाभा उघडा राहिला पाहिजे. टोमॅटोचा देठ थोडा खोल गेला तरी त्याला नवी मुळं फुटतात.

पाण्याची पातळी: इथेच सगळ्यात जास्त रोपं जातात

लावणीनंतर पातळी किती ठेवायची, याचं उत्तर पद्धतीवर अवलंबून आहे आणि ते रोपाच्या वाढीबरोबर बदलतं.

पंप नसलेल्या क्रॅटकी पद्धतीत सुरुवातीला नेट पॉटचा तळ एखादा सेंटिमीटर द्रावणात असावा. रोप पाणी पितं, पातळी उतरते, आणि उघड्या पडलेल्या भागात दमट हवेत जगणाऱ्या मुळ्या तयार होतात. रोपाचा श्वास या मुळ्यांवर चालतो. आणि मग कोणीतरी ‘पाणी कमी झालंय’ म्हणून टाकी पुन्हा काठोकाठ भरतं. हवेत वाढलेल्या मुळ्या एकदम बुडतात आणि दोन दिवसांत धडधाकट रोप लोळण घेतं. भर घालायची वेळ आलीच तर थोडीच घाला, वरच्या मुळ्या हवेतच राहू द्या.

पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या एअर स्टोनच्या टाकीत एवढी जोखीम नसते. तरी मुळ्या तीनचार सेंटिमीटर बाहेर आल्या की पातळी नेट पॉटच्या तळाखाली दोनेक सेंटिमीटर आणा. बुडबुड्यांचे शिंतोडे वरचा भाग ओला ठेवतात आणि देठ कुजत नाही.

पाइपमधून पातळ धार वाहणाऱ्या एनएफटीमध्ये उलट घडतं. धार इतकी पातळ असते की लहान स्पंजचा तळ तिला टेकतच नाही. प्रत्येक भोकात डोकावून बघा. टेकत नसेल तर मुळ्या पोचेपर्यंत रोज दोनतीनदा वरून पाणी द्या, किंवा पाइपचं दुसरं टोक तात्पुरतं थोडं उंच करून पाणी साचू द्या. मुळ्या पोचल्या की उतार परत ३० ते ४० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. या पद्धतीत पंप बंद पडला तर साठा नसतो, उन्हाच्या दिवसात लहान रोपं काही तासांत सुकतात.

लावणीच्याच दिवशी द्रावण कडक करू नका. ट्रेमध्ये ०.६ वर असलेल्या रोपाला एकदम १.८ मध्ये टाकलं तर मुळीला पाणी ओढून घेणं जड जातं. आहे त्याच्या आसपास ठेवा आणि आठवडाभरात चढवा. लेट्यूसला शेवटपर्यंत ०.८ ते १.२ पुरतं, टोमॅटो पुढे दोनाच्या वर जातो. द्रावण तयार करताना अ आणि ब ही वेगवेगळी मिळणारी दोन खतं घट्ट स्वरूपात एकत्र मिसळू नका. पांढरा गाळ बसला म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट किंवा सल्फेट एकमेकांना धरून बसले, रोपाला ते मिळणार नाहीत.

लावणी संध्याकाळी करा आणि दोनतीन दिवस कडक उजेडापासून आडोसा ठेवा. द्रावणाचं तापमान १८ ते २२ अंश उत्तम. २६ च्या वर गेलं की ऑक्सिजन घटतो आणि पिथियमला बळ मिळतं, दोन्ही एकाच वेळी.

रोपाने मान टाकली तर

दुपारी लवलं आणि संध्याकाळी सावरलं, तर हात लावू नका. नव्या मुळ्या कमी आहेत, पानं जास्त पाणी उडवताहेत, चारपाच दिवसांत जमेल. सकाळीही मान खालीच असेल आणि स्पंज ओला असेल, तर नेट पॉट उचलून मुळ्या बघा. रंगावर जाऊ नका. काही खतांनी निरोगी मुळ्याही तपकिरी होतात. चिमटीत धरून हलकेच ओढा. साल सटकून आत दोऱ्यासारखा गाभा उरला, बुळबुळीत लागलं आणि वास आला, तर ती मूळकूज.

अशा वेळी कुजलेला भाग कापा, द्रावण पूर्ण टाकून द्या, टाकी घासून धुवा, नवं द्रावण सौम्य आणि थंड भरा, हवेचा पुरवठा वाढवा. मोठं रोप यातून उठतं. चार पानांच्या रोपाची सगळी मुळी गेली असेल तर त्यामागे लागू नका, त्याच टाकीतल्या बाकीच्यांना धोका आहे.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह घालायच्या आधी पीएच बघा. बहुतेकदा तो साडेसहाच्या वर चढलेला असतो, लोह टाकीतच असतं पण रोपाला घेता येत नाही. मीटरवर विश्वास ठेवायच्या आधी तो ४ आणि ७ च्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या तयार द्रावणात) जुळवून घ्या.

पेरताना भोकांपेक्षा थोडी जास्त रोपं करा आणि लावणीनंतरही ती आठवडाभर ट्रेमध्ये सांभाळा, म्हणजे गेलेल्याच्या जागी त्याच वयाचं रोप येईल. तोवर रिकामं भोक झाकून ठेवा, नाहीतर तिथून उजेड आत जाऊन टाकीत शेवाळ धरेल.