खाऱ्या पाण्यात गळाने मासेमारी करायची रील घेताना या चुका टाळा

गोव्यात 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात. ताजं नुस्तं (मासे) हवं म्हणून नदीकाठी गळ टाकणारे वाढतात आणि रीलही तेव्हाच घाईने घेतली जाते. दुकानदार आधी बेअरिंगचा आकडा सांगतो: 12 अधिक 1. त्याला भुलू नका. मांडवी असो की शापोरा, मुखाकडचं पाणी खारट. साध्या पोलादाची बेअरिंगं त्यात गंजतात आणि हँडल फिरवताना आतून वाळू दळल्यासारखी करकर येते. गंज न धरणारी, नीट झाकलेली चार-पाच पुरे झाली.

पैसे मोजायचे ते ड्रॅगसाठी, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी बेताने सोडणाऱ्या ब्रेकसाठी. रायबंदरच्या पाट्याजवळ ओहोटीला मला एकदा चांगला चोणक मासा लागला. लागल्याबरोबर तो खारफुटीच्या मुळांकडे धावला. ड्रॅग सैल होता, पण आतले वॉशर चिकटलेले. दोरी क्षणभर अडली, मग हिसक्याने सुटली आणि तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) तुटलं. त्या चोणकाची हळहळ अजून आहे. स्वस्त रीलमध्येही गुळगुळीत ड्रॅग मिळतो, फक्त तो दुकानातच तपासावा लागतो.

स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकीवर, थोडी दोरी घालायला सांगा, ड्रॅग अर्धा आवळा आणि दोरी हाताने सावकाश ओढा. ती एकसारखी सुटली पाहिजे; अडखळली तर ती रील परत ठेवा. मग हँडल फिरवता फिरवता थांबवून उलटं ढकलून पाहा, ते मागे जाता कामा नये. दोरी ज्या इवल्याशा रोलरवरून जाते तोही फिरतोय ना ते पाहा. रोलर अडकला तर दोरी घासते, तिला पीळ पडतो, आणि लोक दोष दोरीला देतात.

नदीकाठच्या चोणक-तांबोशासारख्या माशांना 3000 ते 4000 आकाराची रील पुरते. त्याहून जड रीलने मनगट भरून येतं.

ब्रेडेड (विणलेली) दोरी थेट स्पूलवर गुंडाळली की अख्खी दोरी स्पूलवर गरगर फिरते आणि ड्रॅग बिघडल्यासारखं वाटतं. आधी तंगुसाचे काही वेढे द्या. काठापासून दोनेक मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरली तर फेकताना गुंता ठरलेला. ड्रॅग लावायचा तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. 10 किलोच्या दोरीला अडीच लिटर पाण्याची पिशवी बांधून रीलमधून सरळ लोंबकळवा; दोरी जेमतेम सुटू लागली की ड्रॅग बरोबर.

घरी आल्यावर रील नळाच्या धारेखाली धरू नका, त्या जोराने मीठ आत शिरतं. ड्रॅग आवळून गोड्या पाण्याचे हलके शिंतोडे मारा, पुसून सावलीत वाळवा, रोलरवर तेलाचा एकच थेंब सोडा. ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर वॉशर दाबून बसतात आणि पुढच्या खेपेला चिकटतात.