मालवणात होडीत बसायच्या आधी वाऱ्याचा अंदाज असा बघा

ॲपवर वारा 'उत्तर-पश्चिम' लिहिलेला असतो म्हणजे तो तिकडून येतोय, तिकडे जात नाहीये, आणि नकाशावरचा बाण मात्र बहुतेक वेळा वारा जातो त्या दिशेला असतो, इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. दुसरं म्हणजे नुसता सरासरी आकडा बघू नका प्लीज, हवामान खात्याच्या मच्छीमार इशाऱ्यात '४५ ते ५५, झोत ६५ किमी' असं येतं ना, त्यातला शेवटचा आकडा धरायचा, कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो आणि छोटी होडी तो एकच झोत आला तरी कलंडू शकते. आकडे नॉट्समध्ये असतील तर १ नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून, तो बऱ्यापैकी हलका, पण दुपारी जमीन तापली की खारा वारा समुद्रावरून जोरात येतो आणि लाटा वाढतात. म्हणून पोरंबाळं, म्हातारी माणसं सोबत असतील तर सिंधुदुर्ग किल्ला सकाळीच करा. आणि ॲप काहीही म्हणू दे, होडीवाले काका नको म्हणाले तर खरंच जाऊ नका.